एका नारळाचं एकट्याने काय करायचं : म्हापशातल्या खोलीतल्या नोंदी

३१ मे २०२५, शनिवार

आज बसून यूपीआयची हिस्टरी काढली. मे महिन्यात नुसत्या खाण्यावर १०,७९० रुपये गेलेत. नाश्ता १,४३०, दुपारचं जेवण ४,६२०, रात्रीचं ३,९८०, आणि चहा, कटलेट पाव, सोडा असलं सटरफटर ७६०. यात बिअर नाही, पार्टी नाही, कुणाला ट्रीट नाही. नुसतं जगणं.

मी मूळ कुडाळचा, ऑफिस पणजीत पाटोवर, राहायला म्हापशात भाड्याची खोली. खोलीत ओटा आहे, सिंक आहे, घरमालकांचा जुना एका दाराचा फ्रीज आहे आणि दोन वर्षं त्यात मी फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात. उद्यापासून घरी रांधणार. तीन महिने तरी. नोंदी अशासाठी की अजून कोणी एकटा राहणारा यात पडणार असेल तर निदान माझ्या चुकांचे पैसे त्याने परत भरू नयेत.

एक गोष्ट आधीच ठरवली, सकाळची भाजी-पाव सोडणार नाही. ४५ रुपयांत पातळ भाजी, दोन पाव आणि चहा, आणि वर भाजी संपली तर पळीभर परत घालतात. हे घरी एकट्याला त्या पैशात होणं शक्य नाही, कांदा-बटाटा-वाटाणा-खोबरं सगळं आणून वाटीभर भाजी करायची तर सकाळचे सात तिथेच वाजतात.

१ जून, रविवार

मुहूर्तच चुकला. पिशवी घेऊन मासळी बाजारात गेलो आणि तिथे उभं राहिल्यावर आठवलं की आजपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. ६१ दिवस. कोकणातला माणूस मी, ही तारीख मला झोपेत माहीत पाहिजे, पण माझं सगळं बजेट 'शंभर रुपयाचे बांगडे' धरून केलेलं. बाजारात बर्फातली इसवण (सुरमई) होती, थोडे शेवटे म्हणजे खाडीतले मासे होते, कुर्ल्या होत्या. भाव ऐकले आणि नमस्कार करून निघालो. शहाणे लोक मे महिन्यात सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, चिंच असं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात, मी मे महिन्यात थाळ्या खात होतो. त्यात यंदा पाऊस मेमध्येच येऊन बसलाय, सुकी मासळी पण जी उरलीय ती ओलसर.

खरेदी: इंडक्शन २,१५०, तीन लिटरचा कुकर १,४८०, कढई ६५०, तवा ५२०, मिक्सर २,३००, डबे-चमचे-सुरी ८७०. एकूण ७,९७०. तांदूळ उकडेच घेतले, पाच किलो. संध्याकाळी सगळं मांडून झालं आणि मी दमून रस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट, खाऊन आलो. ९० रुपये. पहिला दिवस.

२ जून

कढई इंडक्शनवर ठेवली, इंडक्शन पीं पीं करून बंद. परत ठेवली, परत तेच. मला वाटलं पीस खराब आलाय, पावती शोधून दुकानात गेलो. दुकानदाराने कढईला लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. जर्मनची कढई, म्हणजे अॅल्युमिनियम. चुंबक चिकटलं तरच भांडं इंडक्शनवर तापतं, एवढं साधं. वापरलेली म्हणून परत घेतली नाही. ६५० पाण्यात. भांडी घ्यायला जाताना फ्रीजवरचं चुंबक खिशात टाकून जा, दुकानात लाजू नका. कुकर आणि तवा नशिबाने चालले.

३ जून

उकड्या तांदळाचा भात कुकरला दोन शिट्ट्या काढून उतरवला, बाहेरून मऊ, आत खडा. परत तीन शिट्ट्या. आता खाली लागला. जेवायला साडेदहा वाजले, भात आणि लोणचं. आईला फोन केला तर ती हसायला लागली. "आदी भिजत घाल म्हटलंय मा तुका. उकड्या तांदळाक घाई चलना नाय."

यावर पुढे आठवडाभर जे करून बघितलं ते इथेच लिहितो, म्हणजे शोधावं लागणार नाही. रात्री झोपताना मूठ-दीड मूठ तांदूळ भिजत घालायचे. सकाळी चौपट पाणी घालून कुकरला सहा शिट्ट्या, वाफ आपोआप जाऊ द्यायची, मग पाणी गाळून घ्यायचं. गाळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात चार चमचे भात आणि मीठ घातलं की पेज. सुट्टीच्या दिवशी अकराची पेज आणि आंब्याची तोर (मिठातली कैरी), दुपारपर्यंत भूक लागत नाही. मोजायला वाटी वापरू नका. वाटीने मी चार वेळा जास्त भात केला, मुठीने एकदाही नाही.

८ जून, रविवार

सकाळी गीझर आणि इंडक्शन एकदम चालू केलं. खालच्या मजल्यावरून घरमालकीण काकी ओरडली, "अरे पुता, तुजे खातीर आमचो टीव्ही बंद जालो!" पूर्ण लाइन ट्रिप. आता आंघोळ आधी, मग रांधप, असा क्रम. रोज वीस मिनिटं लवकर उठणं आलं.

आज आळसाण्याचं तोंडाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची खोबरं घातलेली आमटी, केलं. चांगलं झालं, खरंच चांगलं झालं. पण एक वाटी आळसाणे भिजवले होते, ते फुगून तीन वाट्या. रविवारी दोन्ही वेळा, सोमवारी डब्यात, सोमवारी रात्री. मंगळवारी झाकण उघडलं आणि वासानेच पोट भरलं, तसाच उठून थाळी खायला गेलो. उरलेलं काकीच्या कुत्र्याने पण हुंगून सोडलं.

१३ जून, शुक्रवार

सुट्टी टाकून शुक्रवारच्या बाजाराला गेलो. पावसात पण बाजार भरतो, वर निळं प्लास्टिक, खाली चिखल. तांबडी भाजी, तायखिळो (टाकळा), तवशीं (काकड्या), लांब गोंयचे भेंडे. सगळं वाट्यावर. वाटा म्हणजे चार माणसांच्या घराचा हिशेब. एका म्हातारीला म्हटलं अर्धा वाटा दे, तर ती म्हणाली, "अर्दो वाटो कोण घेता रे? लग्न कर आनी सगळो व्हर." आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मी सगळा वाटा घेतला. तांबडी भाजी शिजून मूठभर होते म्हणून ती खपली, भेंडे निम्मे बुळबुळीत होऊन गेले.

एकट्याला पावकिलोच पाहिजे तर फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बरं पडतं. बेळगावची भाजी असते, तिखट नाकाच्या लोकांना गावठी भाजीची चव येत नाही, पण दोन गाजरं आणि एक शिमला मिरची घेतली तरी कोणी लग्नाचा विषय काढत नाही. एकट्याला एकट्यापुरतं विकणारा खरा माणूस एकच, पदेर, म्हणजे पाववाला. सायकलचा पों पों ऐकला की एक पोई (कोंड्याचा पाव), फार तर दोन. मी सुरुवातीला सहा घेऊन ठेवायचो, पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी. रोज येतो तो, साठवायचं कशाला हे कळायला दोन आठवडे गेले.

१६ ते १८ जून : नारळ

आता मुख्य भानगड. भाजी, तांदूळ, डाळ हे सगळं कमी करता येतं, नारळ करता येत नाही. यंदा नारळ महाग, मला ५० ला एक पडतो. फोडला की दोन वाट्या. माझी एका वेळची आमटी म्हणजे पाव नारळ. उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी कडेला पिवळा, तिसऱ्या दिवशी बोटाला चिकट, चौथ्या दिवशी साबणाचा वास. जूनच्या पंधरा दिवसांत दोनदा अर्धा-अर्धा नारळ फेकला.

दुसरा त्रास मिक्सरचा. पाव नारळाचं खोबरं, चार मिरच्या, चमचाभर धणे, सहा मिरी, हे एवढंसं भांड्यात घातलं की पातं खाली गरगर फिरतं आणि खोबरं भिंतीला जाऊन बसतं. झाकण काढ, चमच्याने खाली ढकल, परत फिरव, परत भिंतीला. शेवटी पाणी वाढवत गेलो, वाटण झालं नाही, खोबऱ्याचा रस्सा झाला. म्हणजे नीट वाटायचं तर अख्खा नारळ पाहिजे आणि अख्खा नारळ मला संपत नाही.

मग हे केलं. एका बैठकीत अख्खा नारळ खवला. आईने दिलेली आडोळी (खवणीची विळी) आहे, तिच्यावर बसायला पहिल्यांदा भीती वाटते, मग जमतं, करवंटीचा काळा भाग यायला लागला की थांबायचं. निम्म्या खोबऱ्याचं कच्चं वाटण, हळद-मिरची-धणे घालून, हुमणाला (माशाच्या कढीला) लागतं तसं. निम्मं खोबरं कांद्याबरोबर तांबूस भाजून त्याचं वाटण, तोंडाकाला. पाणी अगदी कमी, चमच्याला धरून राहील एवढं घट्ट. दोन्ही बर्फाच्या ट्रेमध्ये भरलं. एका ट्रेत चौदा खण. गोठल्यावर खडे काढून पिशवीत. तीन खडे आणि पाऊण वाटी पाणी म्हणजे एका माणसाची एका वेळची कढी, मोजून बघितलंय, दोन खड्यांत पांचट होते. चिंच किंवा सोलं वाटणात घालू नका, शिजताना घाला, म्हणजे त्याच खड्यांतून वेगवेगळं काहीतरी करता येतं.

या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. ऑफिसमधून सव्वासातला आलो, भात सकाळचा होता, तीन खडे टाकले, एक अंडं फोडून सोडलं, सात चाळीसला जेवायला बसलो.

१९ जून

कुठेतरी झाड पडलं. दुपारी दोनला लाइट गेली ती रात्री एकला आली. सगळे खडे वितळले, वर तेलाचा तवंग आणि आंबूस वास. दोन नारळांचं वाटण, म्हणजे शंभर रुपये आणि अख्खी संध्याकाळ, सिंकमध्ये. काकी म्हणाली परत गोठव, काय होत नाही. मी गोठवलं नाही, वितळलेलं खोबरं परत गोठवून खायची माझी हिंमत नाही. तेव्हापासून पावसाळा संपेपर्यंत एका वेळी एकाच नारळाचे खडे करतो.

आणि लाइट नाही म्हणजे इंडक्शन पण नाही. रात्री मेणबत्तीत बिस्किटं.

२१ जून

पाच किलोचा छोटा सिलेंडर आणला. सिलेंडर, रेग्युलेटर, पाइप आणि एका बर्नरची शेगडी धरून ३,१०० गेले. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर इंडक्शनचे २,१५० वाचले असते. जर्मनची कढई मात्र आता कामाला लागली. इंडक्शन चहाचं पाणी आणि अंडी उकडायला ठेवलंय.

३० जून, महिन्याचा हिशेब

किराणा, भाजी, दूध, अंडी: ३,८९०. बाहेरचं खाणं: ५,१६५. दोन्ही मिळून ९,०५५. म्हणजे मेपेक्षा फक्त १,७३५ कमी, आणि भांडीकुंडी-शेगडीवर ११,०७० गेलेत ते वेगळेच. मेच्या सगळ्या जेवणांपेक्षा जास्त.

फ्रीजच्या दारावर 'फेकलेलं' म्हणून कागद लावला होता: नारळ (मोठा खर्च), कोथिंबीर दोन जुड्या, दुधाची पिशवी, पाव सहा, अर्धा कोबी, भेंडे, आणि सुक्या सुंगटांचं (कोलंबीचं) एक पाकीट जे कागदात ठेवल्यामुळे ओलं झालं. साधारण ५२० रुपये. पाकिटाचं जास्त वाईट वाटलं. किसमूर, म्हणजे खोबरं घालून सुकी कोशिंबीर, करणार होतो. सुकी मासळी आणल्या दिवशी तव्यावर कोरडी भाजून घट्ट बरणीत आणि बरणी फ्रीजमध्ये, पावसाळ्यात दुसरा उपाय नाही. मिठाचं पण तेच, बरणीत चार तांदळाचे दाणे टाकले तर जरा सुटं राहतं.

वेळेचा हिशेब मी सुरुवातीला खोटा केला होता. रांधायला ३५ मिनिटं धरली होती. बाजार, चिरणं आणि मुख्य म्हणजे भांडी घासणं धरलंच नव्हतं. दोन मिक्सरची भांडी, कुकर, कढई, ताट, वाटी, डबा वगैरे. एका माणसाच्या जेवणाला नऊ भांडी पडतात आणि चार माणसांच्या जेवणाला फार तर बारा पडत असतील, इथे खरा तोटा आहे. जूनमध्ये दिवसाला जवळजवळ दोन तास गेले.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाणा भिजवला, अर्धी वाटी, मूठ सोडून वाटीवर गेलो आणि परत फसलो. दोन वेळा तीच खिचडी.

१४ ते १९ जुलै

ऑफिसच्या कामामुळे आठवडाभर उशीर, म्हणून डबा लावून बघितला. १०० रुपये एक वेळ, सहा दिवस. चपात्या बऱ्या होत्या. भाजी सहापैकी चार दिवस कोबी. डबेवाली बाई चांगली, तिला म्हटलं तर म्हणाली पावसात दुसरी भाजी परवडत नाही, आणि खरं आहे तिचं. पण कोबी मी स्वतः पण करू शकतो. बंद केला.

या आठवड्यात एक गोष्ट कळली. बाहेर मी जेवतो ते दमल्यामुळे नाही, घरी काय आहे ते आठवत नाही म्हणून. शटल बसमध्ये पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की डोक्यात 'घरी काही नाही' एवढंच येतं, आणि घरी बटाटे, अंडी, खडे सगळं असतं. आता सकाळी निघताना फ्रीज उघडून फोनवर फोटो काढतो. वेड्यासारखं वाटतं पण त्या फोटोमुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीचं जेवण फक्त एकदा बाहेर झालं.

३१ जुलै

किराणा १,२६०, भाजी ७४०, नारळ नऊ म्हणजे ४५०, दूध ६२०, अंडी आणि सुकी मासळी ६९०, गॅस भरून ५४०, बाहेर २,८७० (डब्याचे ६०० धरून, भाजी-पाव धरून). एकूण ७,१७०. मेपेक्षा ३,६२० कमी. फेकलेलं: कोथिंबीर, परत. कोथिंबिरीवर माझ्याकडे उत्तर नाही, पाच रुपयाची विकत मिळत नाही आणि दहाची संपत नाही.

दिवसाचा वेळ सव्वा तासावर आलाय. मुख्य कारण: डाळ आणि भात एकाच कुकरात वेगळ्या डब्यांत, आणि मिक्सर आठवड्यातून एकदाच.

फिश थाळी महिन्यातून दोनदा चालूच आहे. एकट्याने घरी कढी, भात, तळलेला तुकडा, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सोलकढी, लोणचं एवढं सगळं करायचं म्हणजे रविवार संपला. ती थाळी मी हिशेबात तोटा म्हणून लिहीत नाही.

१ ऑगस्ट

मासेबंदी उठली. आणि श्रावण २५ जुलैलाच लागलाय. मी फार देवाधर्माचा नाही, पण आई पाळते आणि तिने फोनवर विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. दोन महिने बंदी होती म्हणून मासे नाहीत, आता मासे आहेत तर श्रावण. काकीने मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची उसळ, दिली वाटीभर. मोड आलेले मूग एकट्याला एकदम योग्य आहेत, मूठभर भिजवा, उरलेले कच्चे पण खाता येतात. जूनमध्ये हे कोणी सांगितलं असतं तर आळसाणे वाचले असते.

३१ ऑगस्ट

गणेश चवथीला पाच दिवस कुडाळला होतो, त्यामुळे ऑगस्टचा ६,३८० हा आकडा जरा फुकटचा कमी आहे. तरी लिहितो. जूनचे १,७३५, जुलैचे ३,६२०, ऑगस्टचे ४,४१०, वाचले ९,७६५. शेगडी-भांड्यांचे ११,०७० फिटायला अजून १,३०५ बाकी.

घरून येताना आईने नारळ दिले. सात. दोन घेतले, पाच तिथेच ठेवले, ती रागावली.

७ सप्टेंबर, रविवार

शेवटी बांगडे. शंभराला पाच. दोन खाणार होतो, पण दोन कोणी देत नाही. रेषादचा मसाला काल रात्रीच करून ठेवला होता: काश्मिरी मिरच्या माडाच्या शिरक्यात भिजवून, लसूण, मिरी, जिरं, जराशी साखर, पाण्याचा थेंब नाही. शिरक्यामुळे फ्रीजमध्ये कित्येक आठवडे टिकतो, म्हणजे एकट्या माणसासाठीच बनलेला मसाला. बांगडा साफ करताना पहिल्याचं पोट फाडलं, काटा मोडला, त्याची कढी केली. दुसऱ्यापासून जमलं, पाठीच्या बाजूने काट्याच्या दोन्ही कडांना सुरी घालून खिसा करायचा आणि मसाला आत दाबून भरायचा, बाहेरून नुसता हात फिरवायचा. जास्त लावला तर तव्यावर करपतो आणि आतला कच्चा राहतो.

सगळं घाईत करावं लागलं कारण आज रात्री खग्रास चंद्रग्रहण, आणि दुपारी एकच्या आसपास वेध. काकी दोनदा येऊन सांगून गेली, "वेदां आदीं जेव." पावणेएकला ताट वाढलं. भात, तीन खड्यांची बांगड्याची कढी, दोन तळलेले बांगडे. माशासकट हिशेब केला तर ७० रुपयांच्या आत. घाम पुसत खाल्लं.

दोन बांगडे उरले, मसाला भरून फ्रीजमध्ये. आईचा फोन आला, उरलेल्यावर तुळशीचं पान ठेव म्हणाली. मी म्हटलं बांगड्यावर? ती जरा थांबली आणि म्हणाली काकीक विचार. काकी म्हणते माशावर तुळस ठेवत नाहीत, पण फेकायचे पण नाहीत, पन्नास-चाळीस रुपयांचा माल आहे. सध्या तुळशीचं पान फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खणात ठेवलंय.